तपासणीची चादर

त्या रविवारी आमच्या शाळेच्या फाटकावर शंभराच्या वर मुली तोंड बांधून आल्या. परत मात्र एकीलाच जावं लागलं. ही गोष्ट मी आजवर कुणाला धड सांगितलेली नाही. सांगायला घेतली की माझा आवाज चढतो, मग नवरा विचारतो, "बीपीची गोळी घेतली का?" आणि ते राहूनच जातं. आता लिहूनच टाकते. लिहिताना तरी कुणी मधे गोळी काढणार नाही.

मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटला एका शाळेत गणित शिकवते. माहेर राजेगावचं, सासर वारासिवनीजवळच्या एका गावातलं. शिकवते हिंदीत, चिडते मराठीत. वर्गातल्या पोरांना हे इतकं ठाऊक आहे की मी मराठीत एक शब्द काढला तरी मागच्या बाकावरचेसुद्धा सरळ बसतात.

सुट्टीच्या दिवशी आमच्या शाळेत कसल्या ना कसल्या परीक्षेचं केंद्र असतं. त्या दिवशी नर्सिंगच्या प्रवेशाची परीक्षा होती. बायकांचं काम ठरलेलं. सायकल स्टँडच्या पत्र्याखाली दोन खांबांना दोरी बांधायची, दोरीवर चादर टाकायची आणि त्या आडोशाला एकेका मुलीची तपासणी करायची. कानातलं, केसांतल्या पिना, बाह्या, आणि शेवटी प्रवेशपत्रावरचा फोटो समोरच्या चेहऱ्याशी जुळवायचा. चादर माझ्या घरची होती, निळी, मोठ्या फुलांची. शाळेची चादर आधीच्या परीक्षेनंतर कुणीतरी धुवायला म्हणून नेली, ती आजतागायत वाळतेच आहे.

मे महिना होता. आमच्या रस्त्यावरून मॅंगनीजचे ट्रक जातात, त्यांची काळी धूळ आणि वरून ऊन, त्यामुळे स्कूटीवर बसलेली मुलगी म्हणजे फक्त दोन डोळे. त्या डोळ्यांवरही गॉगल. स्टोल नाकावरून दोनदा फिरवून मागे गच्च गाठ मारलेली असते, सख्ख्या बापालाही ओळखू येऊ नये अशी. पेट्रोल पंपावर, भाजीच्या ठेल्यावर, बँकेच्या दारात त्या तशाच उभ्या असतात आणि कुणाच्या पोटात दुखत नाही. त्या दिवशीही त्या तशाच आल्या, फाटकाशी स्टोल सोडला, डिकीत कोंबला आणि आत गेल्या.

ती मुलगी मात्र सगळ्यांच्या आधी आली होती. मी दोरीची गाठ मारत होते तेव्हाच ती आणि तिची आई फाटकात उभ्या होत्या. मुलगी काळ्या बुरख्यात, डोळे तेवढे दिसत होते. आई साध्या छापील साडीत, तोंड उघडं, हातात कापडी पिशवी. तिरोडीहून आदल्या दिवशीच आलेल्या, इथे कुणा नातेवाइकाकडे राहिलेल्या. आईचं बोलणं थेट आमच्याकडचं होतं.

"मॅडम, लवकर ये म्हून लिवलं होतं मनते कागदावर, तं आलो बा आमी," ती म्हणाली.

मला काही माहीत नव्हतं, पण मी मान डोलावली. मास्तर लोकांना ती सवय असते.

मुलीला मी सगळ्यांत पहिली आत घेतली. चादरीमागे तिने नकाब वर केला. अगदी साधा चेहरा होता, वरचा एक दात किंचित पुढे, हनुवटीवर लहानपणी पडल्याची जुनी खूण. फोटोतही ती खूण होती. मी यादीवर खूण केली. ती हसली, नकाब खाली घेतला आणि म्हणाली, "थैंक यू मैडम." सगळं मिळून दोन मिनिटांचं काम होतं आणि ते तिथेच संपायला हवं होतं.

वऱ्हांड्याच्या पायरीवर केंद्राध्यक्ष उभे होते. आमच्याच शाळेतले, माझ्याहून वयाने लहान, त्या दिवसापुरते हातात वॉकीटॉकी आलेले. त्यांनी तिला अडवलं.

"ये ऐसे नहीं बैठेगी. चेहरा खुला रखना पड़ेगा."

मी म्हटलं, "सर, मैंने मिला लिया है. वही लड़की है."

"मैडम, ऊपर से आदेश है. नियम सबके लिए एक है."

मुलगी घाबरली नव्हती. ती म्हणाली की कमरे में जिन मैडम की ड्यूटी है, उनको भी दिखा दूँगी, जितनी बार बोलेंगी उतनी बार दिखा दूँगी, बस सबके सामने नहीं. इतकं सरळ बोलणं मी आमच्या स्टाफरूममध्येही फारसं ऐकलेलं नाही. पण साहेबांनी मान हलवली ती आडवीच.

आणि हाच माणूस! कोरोनाच्या वर्षी याच फाटकात मास्कचं खोकं घेऊन उभा राहायचा. "पहले मुँह ढको, फिर अंदर," असा घसा फोडून ओरडायचा. मास्कची नाडी तुटली म्हणून एका पोराला त्याने घरी परत पाठवलं होतं. तेव्हा तोंड उघडं दिसलं की दंड होता, आणि आता झाकलेलं दिसलं की परीक्षा बंद. कायदा इकडून तिकडे झाला तरी फाटकावर ओरडणारा तोच राहिला. मला हे सगळं त्या क्षणी आठवलं होतं. आठवूनही मी मूग गिळून उभी राहिले. नुसती उभी राहिले असते तरी एक वेळ चाललं असतं.

ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आप समझाइए इसको. आप लेडीज़ हैं."

आणि मी समजवायला गेले. नाइलाजाने नाही, हौसेने गेले. हे लिहिताना आत्ताही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते आहे, आणि ती त्या वॉकीटॉकीवाल्यावर नाही.

हौस कुठून आली ते सांगते. लग्न होऊन मी सासरी आले तेव्हा घरात सासऱ्यांसमोर आणि भासऱ्यांसमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, सुनेने तोंड दाखवायचं नाही, असा रिवाज होता. भासरे घरात शिरण्याआधी अंगणातूनच खाकरायचे. ते खाकरणं ऐकलं की हातातलं काम टाकायचं आणि पदर हनुवटीपर्यंत ओढायचा. मी बीएड झालेली, बालाघाटात पन्नास पोरांसमोर उघड्या तोंडाने भूमिती शिकवणारी. संध्याकाळी बस गावाच्या स्टँडला लागायच्या आत पदर खाली ओढायची आणि आंधळ्यासारखी पाय चाचपत घरी जायची.

एकदा पेजेचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरातून ओसरीवर येत होते आणि अंगणात भासरे खाकरले. एक हात पदराकडे गेला, पायरी चुकली, उकळती पेज उजव्या पायावर. मी किंचाळले. सासूबाई धावत आल्या, आणि आधी काय केलं? माझा पदर खाली ओढला. "पदर घे आंधी, पदर घे! भासरे आले ना!" पाय जळतोय आणि ही बाई माझं तोंड झाकते आहे. पायावर पाणी नंतर आलं.

त्या दिवसानंतर मी तोंडावर पदर घेतला नाही. डोक्यावर घ्यायची, तोंडावर नाही. भासरे दीड वर्ष आमच्या ओसरीवर चढले नाहीत. नात्यागोत्यात माझं नाव 'उघड्या तोंडाची' असं पडलं आणि मी ते मेडलसारखं मिरवलं. कुठल्याही लग्नात नव्या सुना मला येऊन विचारायच्या, ताई, तुमी कसं केलं? मी सांगायची, थोडं मीठमसाला लावूनच.

तीच गोष्ट त्या दिवशी सायकल स्टँडच्या पत्र्याखाली मी त्या मुलीला सांगितली. पाय दाखवला. डाग अजून आहे. म्हटलं, "देख बेटा, मेरा भी मुँह ढका रहता था. एक दिन हटा दिया. कुछ नहीं हुआ, उल्टा जान छूटी. तू भी हटा दे. आज अच्छा मौका है." मौका! मी अगदी हाच शब्द वापरला.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मैडम, आपको हटाने के लिए किसी ने बोला था?"

"नहीं, मैंने खुद हटाया."

"तो मुझे भी मत बोलिए ना."

उद्धटपणे नाही, अगदी हळू आवाजात म्हणाली. पण मला झोंबलं. इतक्या वर्षांचं माझं मेडल एका पोरीने असं काढून बाजूला ठेवलं. मागे तिची आई उभी होती, तिच्याकडे मी वळले. मला वाटलं, घरचा धाक असणार, बाप नाहीतर भाऊ कुणीतरी असणार. म्हटलं, "तुमी तं घालत नाही. मंग हिले काहून घालाले लावता?"

"मी कायले लावू, मॅडम?" ती म्हणाली. "आमच्या घरात कोनीच नाई घालत. हिचा बाप तं भांडला हिच्यासंगं. मीच म्हटलं नको घालू, गर्मी होते. नाई आयकलं. कपडा आनला, माह्याच मशीनवर बसून शिवला. मी ब्लाऊज शिवतो ना लोकायचे."

म्हणजे घरचा धाक नव्हताच. ज्या पिंजऱ्याची किल्ली घेऊन मी मोठ्या दिमाखात आले होते, तो पिंजरा तिथे नव्हता. शहाण्या बाईने इथे गप्प बसायला हवं होतं. पण चुकलेलं गणित फळ्यावर सगळ्यांसमोर पुसायला मला कधीच आवडलेलं नाही. माझा पारा चढला, आणि पारा चढला की मी मराठीत येते.

"मंग बस बाहेर," मी म्हटलं.

साहेबांनी तिला बाहेर काढलं नव्हतं. ते नुसते अडवून उभे होते, आणखी दहा मिनिटं घासाघीस झाली असती तर कदाचित वाकलेही असते. बाहेर बस हे शब्द माझे. मराठी तिला कळत होती, आई तीच बोलत होती. तिने प्रवेशपत्राची घडी घातली, आईचा हात धरला आणि फाटकाबाहेर जाऊन कडुनिंबाखालच्या ओट्यावर बसली.

मग स्कूटीवाल्यांची गर्दी सुरू झाली आणि मी कामाला लागले. पिना काढा, कडं काढा, स्टोल बाहेर ठेवा. मधूनमधून फाटकाच्या गजांतून मला ती काळी आकृती दिसत होती. ती पुस्तक वाचत होती. परीक्षेला बसू देणार नाहीत असं तोंडावर सांगितल्यावरही ती उजळणी करत होती. साडेनऊला फाटक बंद व्हायचं होतं. त्याच्या थोडं आधी तिची आई गजांशी आली.

"मॅडम, तुमी तं पाह्यलं ना तिचं तोंड?"

"हौ."

"मंग सांगा ना त्याइले."

मी म्हटलं, "वरून आदेश आहे." सगळ्या नोकरदारांना हे तीन शब्द तोंडपाठ असतात. आपण काहीच करायचं नसलं की ते फार कामाला येतात. ती बाई अजून गज धरूनच होती, तेवढ्यात शिपायाने कडी घातली.

त्यानंतर मी यादी आवरायला घेतली. फाईलमध्ये सूचनांचे चार कागद स्टेपल करून दिलेले होते. आदल्या दिवशी मीटिंगमध्ये ते वाटले तेव्हा मी पहिलं पान वाचलं, चहा आला, आणि उरलेले तसेच राहिले. साहेबांनी तर पहिलंही वाचलं नसावं. स्टेपलची पिन बोटाला लागली म्हणून मी पानं उलटली. तिसऱ्या पानावर स्वच्छ लिहिलेलं होतं. धार्मिक पोशाखातल्या उमेदवारांनी एक तास आधी यावं, महिला कर्मचाऱ्याने आडोशाला तपासणी करून ओळख पटवावी आणि त्यानंतर त्यांना त्याच पोशाखात परीक्षेला बसू द्यावं.

म्हणजे आदेश होता, आणि तो वरूनच आलेला होता. तो तिच्या बाजूचा होता, सकाळपासून माझ्या काखेत होता, आणि आम्हा सगळ्यांत तो वाचलेली ती एकटी होती.

मी पळत गेले. जळका पाय, पन्नाशीची बाई, मैदानातून पळत गेले. साहेबांनी तिसरं पान वाचलं. चेहऱ्यावरची माशी हलली नाही. "लेकिन मैडम, अब तो गेट बंद हो गया. गेट बंद होने के बाद किसी को नहीं ले सकते. ये भी लिखा है, देखिए." ते दुसऱ्या पानावर होतं. तेवढं मात्र त्यांना लगेच सापडलं.

मी फाटकापाशी गेले तेव्हा ओटा रिकामा होता.

दुपारी मला ऑफिसात बोलावलं. एक कागद तयार होता, हिंदीत, तीन ओळींचा. अमुक रोल नंबरची परीक्षार्थी तपासणीनंतर अपनी इच्छा से केंद्र छोड़कर चली गई. खाली दोन सह्यांची जागा, एक त्यांची, एक तपासणी करणाऱ्या शिक्षिकेची. "फॉर्मेलिटी है मैडम. कल को कोई शिकायत आ गई तो हम दोनों फँसेंगे." हम दोनों, हे बरोबर बोलले.

मी सही केली. भासऱ्यांना दीड वर्ष ओसरी बंद करणारी मी, तीन ओळींच्या कागदापुढे शेपूट घातली. पेन्शनला सहा वर्षं उरली होती, चौकशी लागली असती, हे सगळं खरं आहे आणि त्याने काहीही फरक पडत नाही. त्या मुलीने स्वतःचं स्वतः ठरवलं म्हणून तिला बाहेर बसवलं आणि मग कागदावर लिहिलं की जाणं तेवढं तिच्या इच्छेने झालं. याहून निर्लज्ज वाक्य मी आयुष्यात वाचलेलं नाही, आणि त्याच्याखाली माझं वळणदार अक्षर आहे.

इथे एक सांगून टाकते. मला तो काळा कपडा आजही आवडत नाही. कुणी घातलेला दिसला की माझा उजवा पाय ठणकतो. एखाद्या पोरीला घरचे जबरदस्तीने घालायला लावत असतील तर मी आजही त्यांच्या दारात जाऊन भांडेन. पण माझी नावड म्हणजे कायदा नव्हे. जबरदस्तीने झाकायला लावणाऱ्या सासूबाई आणि जबरदस्तीने उघडायला लावणारी मी, दोघींचे हात एकाच पदरावर होते. त्या निदान अंगठेबहाद्दर होत्या, त्यांना कुणी चार पानं स्टेपल करून दिली नव्हती.

वर्ष गेलं. पुढच्या मे महिन्यात तीच परीक्षा पुन्हा आमच्या शाळेत लागली तेव्हा ती ड्युटी मी मागून घेतली. चारही पानं मीटिंगमध्येच वाचली, चहा गार झाला तरी. तिसऱ्या पानाची मोठी झेरॉक्स काढली आणि सायकल स्टँडच्या खांबाला चिकटवली. केंद्राध्यक्ष तेच होते. ते खांबापाशी थांबले, वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेले. जोडीला या वेळी कॉम्प्युटर शिकवणारी नवी मॅडम होती, माझ्या मुलीच्या वयाची.

आणि एक तास आधी त्या दोघी आल्या. आईला मी लांबूनच ओळखलं, हातात तीच कापडी पिशवी. वर्षभर मनात घोकलेली माफी एकदम ओठांशी आली. मी चादर बाजूला केली, तीच निळी चादर. म्हटलं, "ये बेटा."

ती थांबली. डोळे तेवढे दिसत होते, पण डोळे पुरेसे होते. तिने मला ओळखलं होतं. मग तिने माझ्या बाजूला उभ्या असलेल्या नव्या मॅडमकडे पाहिलं आणि विचारलं, "मैडम, आप देख लेंगी? इनको नहीं दिखाना है."

आईने खाली पाहिलं. नवी मॅडम गोंधळून माझ्याकडे बघायला लागली.

"हौ," मी म्हटलं. "जा, तूच पाह्य."

मी चादरीबाहेर आले. सकाळचा वारा सुटला होता, दोरी सैल झाली होती आणि चादर एका बाजूने उडत होती. मी तिचं टोक धरून पाठ करून उभी राहिले. तेवढ्यात वऱ्हांड्यातून वॉकीटॉकी खरखरत आली. साहेबांनी आईला ओळखलं, चादरीखालून दिसणारी काळी किनार पाहिली आणि तोंड उघडलं.

"तिथंच थांबा," मी मराठीत म्हटलं. "खांबावर लावलं आहे, पुन्हा वाचा."

ते थांबले, दोन क्षण उभे राहिले आणि आल्या पावली परत गेले. एवढंच करायचं होतं. गेल्या वर्षीही एवढंच करायचं होतं.

ती बाहेर आली, नकाब खाली, हातात प्रवेशपत्र. माझ्या अगदी जवळून गेली, बुरख्याची बाही माझ्या हाताला लागली. तिने वळून पाहिलं नाही, आणि पाहावं असं मी काही केलेलंही नव्हतं. हनुवटीवरची ती खूण मी एकदाच पाहिली होती, आता ती मला पुन्हा कधी दिसणार नाही. ऑफिसातल्या त्या कागदावर काहीही लिहिलेलं असो, हे मात्र खरोखर तिच्या इच्छेने झालं. नव्या मॅडमने आतून पुढच्या मुलीला हाक मारली, आणि मी चादरीचं टोक घट्ट धरलं.